पंधरा हजारांची रेषा : पीएफची वेतनमर्यादा आणि पेन्शनचा प्रश्न

भविष्य निर्वाह निधीचं पासबुक मोबाइलवर उघडलं की तीन रकाने दिसतात. पहिला कामगाराच्या वाट्याचा, दुसरा मालकाच्या वाट्याचा, तिसरा पेन्शनचा. पगार वाढेल तसे पहिले दोन रकाने अनेकांचे वाढत जातात. तिसऱ्यात मात्र महिन्यामागून महिने एकच आकडा उतरत राहतो : १,२५०. सप्टेंबर २०१४ पासून तो हललेला नाही. पंधरा हजारांचे ८.३३ टक्के तेवढेच होतात, आणि पगार चाळीस हजार असो की ऐंशी, पेन्शनच्या हिशेबात पंधरा हजारांपुढचा पगार धरलाच जात नाही.

ही रेषा वर सरकवावी का, सरकवायची तर किती, आणि तिचा भार कोणी उचलायचा, यावर गेली काही वर्षं सतत बोललं जातंय. २१ हजार, २५ हजार, ३० हजार असे आकडे बातम्यांमध्ये येऊन जातात. संसदेत प्रश्न आला की कामगार संघटना आणि उद्योग यांच्याशी सल्लामसलत करून ठरवू, असं सरकारचं उत्तर असतं. आकड्याची चर्चा पुष्कळ झाली. त्या आकड्यावर काय काय अवलंबून आहे, याची तेवढी झालेली नाही. म्हणून आधी रेषा आली कुठून ते पाहू.

रेषा आली कुठून

भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा. सुरुवातीला तो सिमेंट, सिगारेट, यंत्रनिर्मिती, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड या सहाच उद्योगांना लागू होता, आणि वेतनमर्यादा होती ३०० रुपये. त्या काळी मर्यादेचं काम साधं होतं. बेताच्या पगाराच्या कामगाराला सक्तीने बचत करायला लावायची, साहेब लोकांना त्यांच्या मर्जीवर सोडायचं. पेन्शन तेव्हा नव्हतंच. १९७१ मध्ये कुटुंब निवृत्तिवेतन योजना आली ती मागे राहिलेल्या विधवेसाठी आणि मुलांसाठी. कामगाराला स्वतःला म्हातारपणी दरमहा काही मिळावं, ही सोय १६ नोव्हेंबर १९९५ पासून झाली. तीच कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, म्हणजे सगळीकडे बोलली जाते ती ईपीएस-९५.

तेव्हापासून एकाच आकड्यावर दोन कामं पडली. कोणाला योजनेत घेणं सक्तीचं, हेही तोच ठरवतो. आणि पेन्शन पगाराच्या किती भागावर मोजायचं, हेही तोच. आजच्या वादातला बराच गोंधळ इथून निघतो, असं मला वाटतं. कोणी मर्यादा वाढवा म्हणतो तेव्हा त्याच्या मनात नवे लोक आत येणं असतं, दुसऱ्याच्या मनात आत असलेल्यांचं पेन्शन वाढणं असतं. दोघे एकच वाक्य बोलतात आणि हिशेब मात्र वेगवेगळे करतात.

मर्यादा १९८५ मध्ये २,५०० झाली, १९९० मध्ये ३,५००, १९९४ मध्ये ५,०००, २००१ मध्ये ६,५०० आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. आधी चार ते सात वर्षांनी वाढणारी रेषा पुढे तेरा वर्षं थांबली, आणि नंतर अकरा वर्षांहून अधिक काळ. महागाई निर्देशांकाशी किंवा सरासरी वेतनाशी तिची कायमची सांगड कधीच घातली गेली नाही. प्रत्येक वेळी अधिसूचना काढूनच ती वाढते.

सूत्र आणि एक हिशेब

मालक १२ टक्के भरतो. त्यातले ८.३३ टक्के पेन्शनला जातात, उरलेले ३.६७ टक्के पीएफमध्ये. केंद्र सरकार वेतनमर्यादेपर्यंतच्या पगारावर १.१६ टक्के पेन्शनसाठी देतं. कामगाराचे स्वतःचे १२ टक्के सगळे पीएफमध्ये जातात, पेन्शनमध्ये त्यातला पैसाही नसतो. पेन्शन निघतं ते असं : पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पेन्शनपात्र वेतन म्हणजे शेवटच्या साठ महिन्यांची सरासरी, तीही मर्यादेच्या आत. २०१४ पूर्वी ही सरासरी बारा महिन्यांची होती.

योजना सुरू झाली त्याच महिन्यात कामाला लागलेला आणि तीस वर्षांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, ५८ व्या वर्षी बाहेर पडलेला एक एसटी चालक घेऊ. शेवटचा पगार मर्यादेच्या कितीतरी वर. पण २०१४ च्या दुरुस्तीने घातलेल्या नियमानुसार सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेला ६,५०० रुपयेच धरायचे. सुमारे १९ वर्षांचे झाले १,७६४. पुढच्या ११ वर्षांना १५,००० धरून २,३५७. वीस वर्षांपुढच्या सेवेला मिळणारी दोन वर्षांची जोड मिळवली, तर बेरीज साडेचार हजारांच्या आसपास थांबते. तीस वर्षं रात्रीच्या फेऱ्या मारलेल्या माणसाच्या हाती येणारी ही रक्कम, आणि ती पुढे महागाईनुसार वाढत नाही. पस्तीस वर्षांची सगळी सेवा पंधरा हजारांच्या मर्यादेवर झाली, तरी सूत्रातून निघतात ७,५०० रुपये.

वाढवा म्हणणाऱ्यांचं म्हणणं

कामगार संघटनांचा पहिला मुद्दा व्याप्तीचा, आणि माझ्या मते तो सर्वांत भक्कम आहे. केंद्राच्या अखत्यारीतल्या बांधकाम, साफसफाई, चढउतार अशा कामांत मुंबई-पुण्यासारख्या ‘अ’ क्षेत्रातल्या अकुशल कामगाराचं किमान वेतन ऑक्टोबर २०२४ पासून रोज ७८३ रुपये, म्हणजे महिन्याला २०,३५८ रुपये ठरलं. पीएफची मर्यादा १५,०००. म्हणजे सरकारने ज्याला किमान म्हटलं, तेवढाच पगार घेणारा झाडूवाला पीएफच्या कायद्याने मर्यादेच्या वरचा ठरतो. तो पूर्वी सभासद नसेल, तर त्याला पीएफ देणं मालकावर बंधनकारकच राहत नाही. सक्तीची बचत ज्याच्यासाठी आणली, तोच असा रेषेपलीकडे गेला.

दुसरा मुद्दा तुलनेचा. कर्मचारी राज्य विमा योजनेची मर्यादा जानेवारी २०१७ पासून २१,००० आहे. एकाच कारखान्यातल्या एकाच कामगाराला आजारपणासाठी एक मर्यादा आणि म्हातारपणासाठी दुसरी का, याला तात्त्विक उत्तर कोणी दिलेलं नाही.

तिसरा मुद्दा २०१४ च्या दुरुस्तीतल्या, फारशा न बोलल्या गेलेल्या एका कलमाचा. १ सप्टेंबर २०१४ नंतर प्रथमच सभासद झालेला आणि १५,००० हून जास्त पगार असलेला माणूस पेन्शन योजनेत येतच नाही. त्याच्या मालकाचे सगळे १२ टक्के पीएफमध्ये जातात आणि त्याच्या पासबुकातला तिसरा रकाना कोरा राहतो. बरा पगार घेणारी तरुण पिढी अशी पेन्शनच्या सामाईक निधीबाहेर राहिली. मर्यादा वाढली की त्यातले काही तरी पुढच्या भरतीपासून आत येतील.

थांबा म्हणणाऱ्यांचं म्हणणं

उद्योजकांची बाजू नुसत्या नफ्याची म्हणून उडवून लावणं योग्य होणार नाही. मर्यादा २५,००० झाली, तर जो मालक आज मर्यादेपुरताच पीएफ भरतो, त्याचा दर कामगारामागचा बोजा १,८०० वरून ३,००० वर जाईल. वीस-पंचवीस कामगारांच्या लहान कारखान्यात माणशी १,२०० रुपयांची वाढ लगेच जाणवते. त्या कामगाराच्या हातातूनही १,२०० जास्त कापले जातील. आणि जिथे नेमणूकपत्रात एकूण खर्चाचा आकडा लिहून मालकाचा हिस्सा त्यातच मोजतात, तिथे दोन्ही मिळून २,४०० रुपये कामगाराच्याच हातातून जातील. महिनाअखेरीस घरभाडं आणि शाळेची फी भरणाऱ्याला पस्तीस वर्षांनंतरच्या पेन्शनचं गणित पटवणं सोपं नाही. त्याची ओढाताण खरी आहे.

पूर्ण पगारावर पीएफ भरणाऱ्या कंपन्यांत वेगळंच चित्र आहे. तिथे मालकाचा एकूण खर्च बदलणार नाही, फक्त पैशाचा रकाना बदलेल. १,२५० ऐवजी सुमारे २,०८३ पेन्शनला जातील, म्हणजे दरमहा ८३३ रुपये पीएफमधून कमी. पीएफला २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज होतं आणि ती रक्कम स्वतःच्या नावावर, एकरकमी मिळणारी. पेन्शनचा पैसा सामाईक निधीत जातो. हा बदल नको म्हणणारे अनेक तरुण भेटतात, आणि त्यांचा हिशेब चुकीचा नाही.

तिसरा आक्षेप सरकारी तिजोरीचा. १.१६ टक्क्यांचा वाटा २५,००० वर माणशी १७४ रुपयांवरून २९० होईल. सभासद कोटींच्या घरात आहेत.

मर्यादाच नको : न्यायालयातली लढाई

एक गट म्हणत होता की मर्यादा वाढवण्याचा प्रश्नच कशाला, आमचा पूर्ण पगार धरा. १९९६ मध्ये योजनेत अशी वाट ठेवली होती की मालक आणि कामगार दोघांनी मिळून पर्याय दिला, तर मर्यादेपलीकडच्या पगारावरही पेन्शनचं अंशदान भरता येईल. बहुतेकांना ती वाट ठाऊकच नव्हती. २०१४ मध्ये ती बंद झाली. मग आर. सी. गुप्ता प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कामगारांच्या बाजूने गेला, २०१८ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने २०१४ ची दुरुस्तीच रद्द केली, आणि अखेर ४ नोव्हेंबर २०२२ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश उदय लळित, न्या. अनिरुद्ध बोस आणि न्या. सुधांशु धुलिया यांच्या पीठाने निर्णय दिला. दुरुस्ती वैध ठरली. पात्र कामगारांना पर्याय देण्यासाठी चार महिन्यांची मुदत मिळाली. मर्यादेपलीकडच्या पगारावरचे १.१६ टक्के कामगाराकडून घेण्याची अट मात्र टिकली नाही. पुढे सरकारने तो भार मालकाच्याच १२ टक्क्यांतून घ्यायचं ठरवलं.

मुदत वाढत वाढत ११ जुलै २०२३ पर्यंत गेली आणि सतरा लाखांहून अधिक अर्ज आले. त्यानंतरचा काळ अर्जदारांसाठी खडतर गेला. जुन्या पगारपत्रकांचा शोध, मालकाकडून तपशील भरून घेण्याची धावपळ, आणि पीएफमधून पेन्शन निधीत परत वळवायच्या लाखांच्या रकमा. हा मार्ग १ सप्टेंबर २०१४ च्या आधीपासूनच्या सभासदांसाठी होता. नव्यांसाठी तो बंदच आहे, त्यामुळे मर्यादेचा प्रश्न न्यायालयातून पुन्हा सरकारच्या दारात आला.

बुलढाण्याचा तंबू

जे आधीच निवृत्त झाले, त्यांचं काय? २४ डिसेंबर २०१८ पासून बुलढाण्यात ईपीएस-९५ च्या पेन्शनरांनी साखळी उपोषण सुरू केलं. एसटी, वीजमंडळ, साखर कारखाने, सहकारी संस्था यांतून निवृत्त झालेली ही माणसं. मागणी आहे किमान ७,५०० रुपये पेन्शन, त्यावर महागाई भत्ता, आणि पती-पत्नीला मोफत औषधोपचार. आज किमान पेन्शन १,००० रुपये आहे, तेही सप्टेंबर २०१४ पासून, आणि त्यासाठी केंद्र अर्थसंकल्पातून वेगळी तरतूद करतं. त्याआधीच, २०१३ मध्ये, भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या याचिका समितीने किमान ३,००० रुपयांची शिफारस केली होती. कोश्यारी पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल होऊन गेले. ती शिफारस अंमलात आली नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण सभांमधून आणि व्हॉट्सअॅपवरून उलट समज पसरतो. वेतनमर्यादा उद्या तीस हजार झाली, तरी निवृत्त झालेल्यांच्या पेन्शनमध्ये एका रुपयाचीही वाढ त्या निर्णयाने होणार नाही. त्यांची सेवा संपली, त्यांचं सूत्र लागून गेलं. त्यांना काही द्यायचं तर किमान पेन्शन वाढवावं लागेल, आणि ते पैसे निधीतून किंवा अर्थसंकल्पातून, कुठून तरी स्वतंत्रपणे आणावे लागतील. दोन मागण्या एकाच निवेदनात लिहिल्या जातात, पण त्यांची उत्तरं दोन वेगळ्या ठिकाणी आहेत. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा २०२३ चा जुन्या पेन्शनसाठीचा संप हा तर तिसराच विषय. त्याचा या योजनेशी संबंध नाही.

निधीला बळ मिळेल का?

वादाचा गाभा इथे आहे. अंशदान वाढलं की निधी भक्कम होतो, हे वरवर पटणारं आहे. पण प्रत्येक वाढीव अंशदान एक वाढीव देणंही घेऊन येतं. ३१ मार्च २०१९ च्या मूल्यांकनात निधीत तूट दिसली होती, आणि किमान पेन्शन वाढवण्याच्या मागणीला उत्तर देताना सरकार त्या तुटीकडेच बोट दाखवतं.

मर्यादा २५,००० झाली असं धरू आणि वाढलेल्या दहा हजारांपुरताच हिशेब करू. मालकाचे ८.३३ आणि सरकारचे १.१६ मिळून ९.४९ टक्के. वर्षाला ११,३८८ रुपये जमा होतील. एका वर्षाच्या सेवेला त्याबदल्यात मिळेल दहा हजार भागिले सत्तर, म्हणजे दरमहा १४३ रुपये, वर्षाला १,७१४. आता हा माणूस ५७ वर्षांचा असेल, तर ११,३८८ भरून पुढच्याच वर्षापासून १,७१४ घेऊ लागेल. सात वर्षांच्या आत मुद्दल वसूल. पुढची सगळी वर्षं, आणि त्याच्यामागे पत्नीचं निम्मं पेन्शन, हा निधीवरचा भार. तोच माणूस २५ वर्षांचा असेल, तर त्याचे ११,३८८ रुपये ५८ व्या वर्षापर्यंत सात टक्क्यांनी वाढून लाखाच्या वर जातील, आणि निधीचं देणं तेच, वर्षाला १,७१४. म्हणजे निधीला बळ मिळतं ते तरुण सभासदांकडून, आणि लगेचचा फायदा जातो निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्यांकडे. सामाजिक विम्यात असं होतंच, त्यात गैर काही नाही. पण ते उघड सांगितलं पाहिजे, आणि तरुणाला त्याच्या म्हातारपणीही रेषा सरकलेली असेल याची खात्री दिली पाहिजे. आजवरचा इतिहास अशी खात्री देत नाही.

हा सगळा हिशेब २०१४ चा प्रमाणाचा नियम, म्हणजे जुन्या सेवेला जुनी मर्यादा आणि नव्या सेवेला नवी, कायम राहिला तरच लागू. तो नियम काढून तीस वर्षांच्या सगळ्या सेवेला २५,००० धरले, तर कामगाराचं पेन्शन एकदम उठेल, पण मागच्या वर्षांचं अंशदान कोणी भरलेलं नसेल. नियम ठेवला तर निधी सुरक्षित राहतो, आणि पाच वर्षं उरलेल्या कामगाराच्या पेन्शनमध्ये भर पडते फक्त ७१४ रुपयांची. संघटनांच्या भाषणांत हा आकडा मी ऐकलेला नाही, आणि तो कामगारांना आधीच सांगितलेला बरा.

अमेरिकेत काय चाललंय

असाच वाद अमेरिकेत सोशल सिक्युरिटी या पेन्शन योजनेबद्दल आहे, आणि तो ताडून पाहण्याजोगा आहे. तिथला कायदा १९३५ चा. १९३७ मध्ये कपात सुरू झाली ती वर्षाच्या पहिल्या ३,००० डॉलर पगारावर. आज कामगार आणि मालक प्रत्येकी ६.२ टक्के भरतात आणि मर्यादा सरासरी वेतनाबरोबर दरवर्षी आपोआप वाढते. २०२५ मध्ये ती १,७६,१०० डॉलर होती. तिच्यावर कमावणारे जेमतेम सहा टक्के. तरीही तिथे मर्यादा उठवा असा आग्रह आहे, कारण विश्वस्तांच्या २०२५ च्या अहवालानुसार वृद्धापकाळ निधीची गंगाजळी २०३३ मध्ये संपेल आणि मग ठरलेल्या लाभांपैकी ७७ टक्केच देता येतील. तिथले खासदार जॉन लार्सन यांचं विधेयक चार लाख डॉलरपुढच्या पगारावर पुन्हा कपात सुरू करा म्हणतं. विरोधक म्हणतात, भरलेलं आणि मिळणारं यांचा धागा तुटला की ती विमा योजना न राहता नुसता कर होईल.

तिथलं सूत्र चढत्या पगाराला उतरता लाभ देतं. सरासरी वेतनाच्या पहिल्या टप्प्यावर ९० टक्के, मधल्यावर ३२, वरच्यावर १५. म्हणून तिथे मर्यादा वाढवली की येणं जास्त आणि देणं कमी वाढतं. आपल्याकडे पहिल्या रुपयाला आणि शेवटच्या रुपयाला सारखाच सत्तरावा हिस्सा. त्यामुळे अमेरिकेतला युक्तिवाद जसाच्या तसा इथे लागू होत नाही. सूत्र न बदलता केवळ मर्यादा वाढवून तूट भरून निघेल, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. आणि सूत्र तसं उतरतं करावं का, यावर आपल्याकडे चर्चा सुरूही झालेली नाही.

या अमेरिकी कपातीशी पुण्या-ठाण्यातल्या हजारो घरांचा थेट संबंध आहे. एच-वन-बी व्हिसावर गेलेला अभियंता ती भरतो, पण लाभासाठी साधारण दहा वर्षांची नोंद लागते, आणि भारत-अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही. सहा-सात वर्षांनी परतणाऱ्याचं अंशदान तिथेच राहतं.

काय अनुत्तरित आहे

मर्यादा एकदा वाढवून पुन्हा दहा वर्षं विसरायची की कशाशी तरी जोडायची, हे ठरलेलं नाही. किमान वेतनाशी जोडली तर झाडूवाल्याचा प्रश्न सुटतो, सरासरी वेतनाशी जोडली तर पेन्शनचा. २०१४ नंतर पेन्शनबाहेर राहिलेल्यांना आत घेतलं, तर त्यांची मागची सेवा मोजायची का, हे ठरलेलं नाही. सरकारचा १.१६ टक्क्यांचा दर १९७१ च्या कुटुंब निवृत्तिवेतन योजनेपासून चालत आला आहे. तो वाढवण्याबद्दल सरकारी पातळीवर बोललं जात नाही. अरुण जेटली यांनी २०१५ च्या अर्थसंकल्पात पीएफऐवजी राष्ट्रीय पेन्शन योजना निवडण्याची मुभा जाहीर केली होती, तीही तशीच राहिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा आहे. पण मर्यादा पंधरा हजारच राहिली, तर आधीच तिच्यावर असलेल्यांच्या पेन्शनमध्ये त्याने फरक पडत नाही.

माझं स्वतःचं मत व्याप्तीच्या बाजूने झुकतं. किमान वेतन घेणारा माणूस सक्तीच्या योजनेबाहेर राहणं, हे मला कुठल्याच हिशेबाने समजावून घेता येत नाही. पेन्शनच्या रकमेचा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि तिथे दोन्ही बाजूंकडे खरे आकडे आहेत. निर्णय लांबण्यालाही एक किंमत आहे आणि ती मोजता येते. २५,००० ची मर्यादा प्रमाणाच्या नियमासह येणार असेल, तर ती एक वर्ष उशिरा आल्याने सेवेत असलेल्या आणि तेवढा पगार घेणाऱ्या प्रत्येक सभासदाच्या पेन्शनमधून दरमहा १४३ रुपये, तो जिवंत असेपर्यंत, वजा होतात.